त्रावणकोरची वाळू : गॅसबत्ती ते मोबाईल

वीज गावोगाव पोहोचण्याआधी महाराष्ट्रात रात्रीचा कुठलाही मोठा कार्यक्रम गॅसबत्तीशिवाय होत नसे. लग्नाची वरात, तमाशाचा फड, उरसातला संदल, मोहरमचे ताबूत, कीर्तन, पुढाऱ्याची सभा, सगळीकडे ही रॉकेलची बत्ती भसभस आवाज करत जळायची. तिच्या काचेआड कापडी जाळीची एक छोटी पिशवी असे. लोक तिला मेंटल म्हणत. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाई आणि मागे पांढऱ्या राखेचा नाजूक सांगाडा उरे. उजेड द्यायचा तो हा सांगाडा. बोट लागले की त्याचा चुरा होई.

ही राख साधी नव्हती. ते कापड आधी थोरियम आणि सिरियम या धातूंच्या क्षारांत भिजवलेले असे. जळल्यावर उरणाऱ्या राखेत सुमारे ९९ टक्के थोरियमचे ऑक्साईड आणि १ टक्का सिरियमचे. कार्ल आवर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली अशा मेंटलचे पहिले पेटंट घेतले आणि १८९१ च्या सुमारास हे प्रमाण पक्के केले. १८८५ सालीच त्याने आणखी एक काम केले. तोवर एकच मूलद्रव्य समजल्या जाणाऱ्या ‘डिडिमियम’चे त्याने दोन भाग करून दाखवले. एक प्रासिओडिमियम, दुसरे निओडिमियम. आज आपल्या मोबाईलचा स्पीकर ज्या चुंबकामुळे वाजतो, फोन ज्या मोटरमुळे थरथरतो आणि विजेवरची स्कूटर ज्या मोटरवर धावते, त्या सगळ्यांच्या पोटात हे निओडिमियम आहे.

गॅसबत्तीतले थोरियम ज्या वाळूतून निघत असे, त्याच वाळूत निओडिमियमही असते. आणि ही वाळू आपल्या देशाच्या दक्षिण टोकाला, जुन्या त्रावणकोर संस्थानाच्या किनाऱ्यावर, उघड्यावर पडलेली आहे. मग प्रश्न असा, की ज्या किनाऱ्याच्या वाळूवर एकेकाळी युरोपातल्या शहरांचे दिवे जळले, तो देश आज बोटाच्या पेराएवढ्या चुंबकासाठी दुसऱ्या देशाच्या परवान्याची वाट का पाहतो? याचे उत्तर रसायनशास्त्रात कमी आणि इतिहासात जास्त सापडते.

नावातली गफलत

‘रेअर अर्थ’ म्हणजे दुर्मीळ मृदा. या नावातले दोन्ही शब्द फसवे आहेत. ही माती नव्हे, धातू आहेत. एकूण १७. त्यांतले १५ लँथनाईड गटातले, शिवाय स्कँडियम आणि इट्रियम. जुन्या काळी धातूंच्या ऑक्साईडना ‘अर्थ’ म्हणायची रीत होती, ते नाव चिकटून राहिले. १७८७ साली स्टॉकहोमजवळच्या इटरबी या गावच्या खाणीत कार्ल आर्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक काळा जड दगड सापडला. १७९४ साली योहान गाडोलिन याने त्याचे पृथक्करण करून नव्या ऑक्साईडचा शोध जाहीर केला. पुढे या एका खेड्याच्या नावावरून इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम अशी चार मूलद्रव्ये ओळखली जाऊ लागली.

दुर्मीळ म्हणावे तर तेही खरे नाही. भूकवचात सिरियम जवळपास तांब्याइतके आहे. अडचण वेगळीच आहे. हे धातू एका जागी भरपूर साठलेले क्वचित सापडतात आणि सापडतात तेव्हा सगळे भाऊ एकत्र कुटुंबासारखे एकमेकांना धरून असतात. त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे, की एकाला दुसऱ्यापासून वेगळे करताना शास्त्रज्ञांच्या पिढ्या खपल्या. तेव्हा दुर्मीळ आहे ते त्यांना वेगळे करण्याचे कसब. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

काथ्याला चिकटलेले नशीब

गॅसच्या दिव्यांचा धंदा युरोपात फोफावला तेव्हा थोरियमसाठी लागणारे मोनाझाईट हे खनिज ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई आणि व्यापाराच्या नाड्या जर्मन कारखानदारांच्या हाती होत्या. १९०९ साली शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरच्या वाळूत मोनाझाईट सापडले. त्याची कथा अशी सांगतात, की त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेले वाळूचे चमकदार कण पाहून त्याला शंका आली आणि काथ्याचा माग काढत तो किनाऱ्यापर्यंत पोहोचला. लवकरच मनवालकुरिची येथे वाळू वेगळी करण्याचे काम सुरू झाले. हे गाव आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात येते. पुढे कोल्लमजवळच्या चवरा पट्ट्यातही खाणकाम पसरले. त्रावणकोरच्या मोनाझाईटमध्ये थोरियमचे प्रमाण ब्राझीलच्या मालापेक्षा जास्त होते, त्यामुळे बाजाराने त्याला डोक्यावर घेतले.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटिशांना जाग आली. आपल्याच छत्राखालच्या संस्थानातली वाळू जर्मन भांडवलाच्या हाती जात होती. जर्मन बाहेर पडले, ब्रिटिश कंपन्या आल्या. किनाऱ्यावर राहणाऱ्या मच्छीमारांसाठी आणि काथ्या वळणाऱ्यांसाठी यात काहीच बदलले नाही. वाळू पोत्यांत भरून जहाजावर चढत होती, तिची किंमत हॅम्बुर्ग किंवा लंडनमध्ये ठरत होती.

विजेचे दिवे आल्यावर युरोपात मेंटलची मागणी ओसरली. तोवर याच वाळूतल्या काळ्या इल्मेनाईटला भाव आला, कारण त्यातून पांढऱ्या रंगासाठी टायटॅनियम डायऑक्साईड बनते. मोनाझाईट बाजूला ढिगाने साचत राहिले. त्या ढिगांकडे पुन्हा जगाचे लक्ष गेले ते ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमानंतर.

दिवाण, जिना आणि अणू

थोरियमपासून अणुइंधन बनू शकते, हे अमेरिकन शास्त्रज्ञांनी युद्धकाळातच सिद्ध केले होते. त्यामुळे दिव्यांच्या राखेचे हे खनिज रातोरात महासत्तांच्या यादीत गेले. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांना आपल्या वाळूची ही नवी किंमत लवकर कळली. १९४६ साली मोनाझाईटच्या निर्यातीवर निर्बंध आले. दिवाण ब्रिटनच्या पुरवठा मंत्रालयाशी बोलणी करत होते, तर दिल्लीत नेहरू आणि मुंबईत होमी भाभा या वाळूकडे भारताच्या भावी अणुकार्यक्रमाचा पाया म्हणून पाहत होते.

जून १९४७ मध्ये दिवाणांनी जाहीर केले, की ब्रिटिश गेल्यावर त्रावणकोर स्वतंत्र राष्ट्र राहील. त्यांनी पाकिस्तानात आपला प्रतिनिधी नेमल्याचीही घोषणा केली आणि महंमद अली जिनांनी त्रावणकोरशी संबंध ठेवण्याची तयारी दाखवली. ब्रिटनच्या पुरवठा मंत्रालयालाही मोनाझाईटच्या दृष्टीने त्रावणकोर तूर्त वेगळे राहिलेले सोयीचे वाटत होते. या निर्णयामागे मोनाझाईट हे एकमेव कारण होते असे म्हणता येणार नाही. बंदरे, समुद्री व्यापार, राजघराण्याचा अभिमान आणि दिवाणांची महत्त्वाकांक्षाही होती. पण हातात मोनाझाईट नसते, तर एका संस्थानाला इतका आत्मविश्वास आला असता का, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे थोडे थांबायला हवे. संस्थानांच्या विलीनीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा हैदराबादवर येते आणि बहुतेक वेळा निजामाच्या धर्मावर संपते. मराठवाड्यातल्या मुसलमानांना त्या चर्चेची झळ अजूनही बसते. त्रावणकोरचा राजा स्वतःला पद्मनाभस्वामींचा दास म्हणवत होता, दिवाण तमिळ ब्राह्मण होते, आणि तेही भारताबाहेर राहण्याची भाषा करत होते, जिनांशी बोलत होते. संस्थानिकांचे राजकारण सत्ता, महसूल आणि खनिजाच्या हिशेबाने चालत होते. मजहब त्यात गरजेपुरता येई. हैदराबादची बाजू घेण्यासाठी हे सांगायचे नाही. एकाच वर्षातल्या दोन घटना एकाच मापाने मोजाव्यात, एवढेच म्हणणे आहे.

त्रावणकोरच्या जनतेने मात्र दिवाणांचे ऐकले नाही. ऑक्टोबर १९४६ मध्येच आलप्पुळा भागातल्या काथ्या कामगारांनी आणि शेतमजुरांनी दिवाणशाहीविरुद्ध उठाव केला होता. पुन्नप्रा-वायलारचा हा लढा गोळ्यांनी दडपण्यात आला. ज्या काथ्यामुळे किनाऱ्याच्या वाळूची कीर्ती जगभर गेली, तोच काथ्या वळणारे हात रस्त्यावर उतरले होते. २५ जुलै १९४७ रोजी तिरुवनंतपुरममध्ये एका संगीत समारंभानंतर दिवाणांवर प्राणघातक हल्ला झाला. ते वाचले, पण काही दिवसांतच महाराजांनी भारतात सामील होत असल्याचे कळवले. दिवाणांनी पद सोडले.

गव्हाच्या बदल्यात वाळू?

स्वतंत्र भारताने या वाळूबाबत एक ठाम भूमिका घेतली. कच्चे मोनाझाईट परदेशी विकायचे नाही, प्रक्रिया इथेच करायची. १९४८ साली अणुऊर्जा कायदा झाला आणि अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. ऑगस्ट १९५० मध्ये केंद्र सरकार आणि त्रावणकोर-कोचीन राज्य यांनी मिळून ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी काढली. फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक मदतीने पेरियार नदीकाठी अलवाये, म्हणजे आजच्या अलुवा येथे कारखाना उभा राहिला. २४ डिसेंबर १९५२ रोजी नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला.

ही भूमिका फुकट मिळाली नव्हती. १९५१ साली देशात धान्याची भीषण टंचाई होती. भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये सूचना आली, की गव्हाच्या बदल्यात भारताने मोनाझाईट द्यावे. घरात उपासमार असताना नेहरूंनी ती अट मान्य करायला नकार दिला. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज म्हणून ते धान्य आले. दोनच वर्षांनी, १९५३ साली, भारताने सुमारे एक टन थोरियम नायट्रेट पोलंडला विकले. साम्यवादी देशाला असा माल देणाऱ्याची मदत बंद करण्याचा कायदा अमेरिकेत होता. वॉशिंग्टनमध्ये गदारोळ झाला. नेहरूंनी अमेरिकी कायद्यानुसार आपला व्यापार ठरणार नाही, असे स्पष्ट केले. शेवटी अमेरिकेलाच वाट काढावी लागली.

आज नेहरूंच्या चुकांची यादी काढणे हा अनेकांचा छंद आहे. त्यात हे प्रसंग सहसा येत नाहीत. दाणागोटा मागायला गेलेल्या नव्या देशाने वाळूची एक खेप हातातले पत्ते म्हणून जपून ठेवली, ही छोटी गोष्ट नव्हती.

वाळू जपली, हुनर राहून गेला

मग गाडी अडली कुठे? भारताने मोनाझाईटकडे पाहिले ते थोरियमच्या डोळ्यांनी. १९५४ साली भाभांनी तीन टप्प्यांचा अणुकार्यक्रम मांडला. त्याचा शेवटचा टप्पा थोरियमवर चालायचा होता, कारण आपल्याकडे युरेनियम थोडे आणि थोरियम भरपूर. १९५५ साली ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना निघाला. तिथे बनलेले थोरियम नायट्रेट गॅसबत्तीचे मेंटल बनवणाऱ्यांनाही जात असे. पण या सगळ्यात निओडिमियम, प्रासिओडिमियम, लँथॅनम ही भावंडे दुय्यम ठरली. ती थोरियमसोबत निघणारा जोडमाल म्हणून अणुऊर्जा खात्याच्या कपाटात बंद राहिली. मोनाझाईट हे कायद्याने नियंत्रित खनिज असल्याने बाहेरच्या उद्योगाचा त्यात शिरकाव नव्हता. सुरक्षेसाठी ते समजण्यासारखे होते. मात्र थोरियमवरचा तिसरा टप्पा अजून यायचाच आहे आणि मधल्या काळात जग जोडमालाच्या मागे धावू लागले.

साठच्या दशकात रंगीत टीव्हीच्या लाल रंगासाठी युरोपियम लागू लागले. ते कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीतून आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक बनवले. तोवरच्या कुठल्याही चुंबकापेक्षा हे ताकदवान होते. त्यामुळे मोटरी आणि स्पीकर आक्रसले, खिशात मावू लागले.

त्याच काळात चीनमध्ये वेगळी गोष्ट घडत होती. मंगोलियाच्या सीमेकडे बायान ओबो येथे लोखंडाच्या खाणीत रेअर अर्थचा प्रचंड साठा होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पेकिंग विद्यापीठातल्या शू ग्वांगशियान या प्राध्यापकावर एक काम सोपवण्यात आले. प्रासिओडिमियम आणि निओडिमियम वेगळे करायचे. आवर फॉन वेल्सबाखने १८८५ साली प्रयोगशाळेत केले तेच काम, आता कारखान्याच्या मापात. शू यांनी द्रावकांच्या साखळीने धातू वेगळे करण्याचे गणित बसवले आणि ते कारखान्यांच्या तंत्रज्ञांना शिकवले. इथून चीनची घोडदौड सुरू झाली. नव्वदच्या दशकात चिनी मालाने भाव पाडले. २००२ साली माउंटन पासची खाण बंद पडली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला चुंबकाचा कारखाना चिनी भागीदारी असलेल्या मालकांकडे गेला आणि पुढे यंत्रांसह चीनला रवाना झाला. स्वस्त चिनी मालापुढे या शतकाच्या सुरुवातीला अलुव्यातली मोनाझाईटची प्रक्रियाही थांबली.

आजचे चित्र असे आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे ६९ लाख टन रेअर अर्थ ऑक्साईडचा साठा आहे, जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. उत्पादन मात्र वर्षाला सुमारे २,९०० टन. २०२४ साली चीनने २,७०,००० टन काढले. जगातली सुमारे ९० टक्के चुंबके चीनमध्ये बनतात. शिवाय मोटरचे चुंबक तापल्यावरही टिकावे म्हणून लागणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम आपल्या वाळूत काढण्याजोग्या प्रमाणात नाहीत. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात रेअर अर्थ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला, तेव्हा काही महिन्यांतच पुण्यातल्या वाहन उत्पादकांपर्यंत त्याची झळ पोहोचली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात वर्षाला ६,००० टन चुंबके बनवण्याची क्षमता उभी करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उशिरा का होईना, वाळूनंतरच्या पायरीचा विचार सुरू झाला आहे.

किंमत कोण चुकवतो?

आता घाई सुरू होईल. घाईत किनाऱ्यावरची माणसे विसरली जातात, हा अनुभव जुना आहे. कोल्लम जिल्ह्यात आलप्पाड ही पंचायत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कालवा अशा चिंचोळ्या पट्टीवर वसली आहे. २००४ च्या त्सुनामीत केरळात सर्वाधिक माणसे याच भागात गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथल्या रहिवाशांनी खनिज वाळूच्या उत्खननाविरुद्ध साखळी उपोषण सुरू केले. वाळू काढल्याने समुद्र आत येतो आणि आमची जमीन गिळतो, हे त्यांचे म्हणणे. या पट्ट्यात नैसर्गिक किरणोत्सर्गही जास्त आहे. सुमारे ७०,००० रहिवाशांच्या दीर्घ अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पायाखालची जमीन जाणे हा आजार कुठल्या नोंदवहीत येत नाही.

प्रक्रियेची किंमत याहून मोठी असते. मलेशियात इपोहजवळच्या बुकित मेराह गावात १९८२ पासून मोनाझाईटवर प्रक्रिया करणारा कारखाना चालला. त्याच्या किरणोत्सर्गी कचऱ्याविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि कोर्टात लढले. १९९४ साली तो बंद झाला, कचरा निस्तरण्याचे काम मात्र पुढे अनेक वर्षे चालले. चीनच्या बाओटौ शहराबाहेर विषारी गाळाचा मोठा तलाव साठला आहे. जगाला स्वस्त चुंबके मिळाली, कारण त्या तलावाकाठच्या शेतकऱ्यांच्या पाण्याची किंमत कुणी हिशेबात धरली नाही.

आणखी एक खाण आपल्याजवळच आहे, तिच्याकडे कुणी खाण म्हणून पाहत नाही. दिल्लीचे सीलमपूर, मुरादाबाद, मुंबईचे कुर्ला अशा ठिकाणी जुने संगणक आणि फोन फोडले जातात. फोडणाऱ्यांत आपल्या समाजातले कारागीर आणि मजूर मोठ्या संख्येने आहेत. ते तांबे आणि सोने काढतात, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. हार्ड डिस्कमधले निओडिमियम चुंबक लोखंडाच्या भंगारात जाते. जगभर रेअर अर्थ धातूंचा पुनर्वापर १ टक्क्याच्या आसपासच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने अशा धातूंच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तो पैसा फक्त मोठ्या शेडवाल्या कंपन्यांकडे जाणार, की हातोडी घेऊन बसलेल्या त्या पोराला हातमोजे, प्रशिक्षण आणि योग्य भावही मिळणार, हा प्रश्न आताच विचारला पाहिजे.

शंभर वर्षांत या वाळूचे धनी बदलले. जर्मन गेले, ब्रिटिश आले, संस्थान गेले, सरकार आले. खनिज जमिनीत असणे म्हणजे श्रीमंती नव्हे, हे या शंभर वर्षांनी दाखवले. ते वेगळे करण्याची विद्या ज्याच्याकडे, भाव त्याचा. आणि ही विद्या उभी करताना आलप्पाडचा मच्छीमार आणि कुर्ल्याचा भंगारवाला वाटेकरी झाले नाहीत, तर परकीयांच्या जागी आपले आले, एवढाच फरक राहील. त्या किनाऱ्याने तो फरक एकदा १९४७ नंतर पाहिला आहे.